सगळीकडून ऑइल गळणारी अ‍ॅम्बेसेडर आणि तिचा बंद केलेला ब्रीदर

गाडी १९७७ ची अ‍ॅम्बेसेडर मार्क ३, पेट्रोल, १४८९ सीसीचं इंजिन. नागपूरच्या धरमपेठेतल्या एका निवृत्त काकांची, त्यांच्या वडिलांनी नवी घेतलेली अन् तेव्हापासून एकाच घरात राहिलेली. तक्रार एकच, ऑइल गळतं. कुठून गळतं विचारलं तर यादीच निघाली. वरच्या टॅपेट कव्हरच्या कडेनं, डीपस्टिकच्या भोकातून, समोर टायमिंग कव्हरच्या खालून, मॅनिफोल्डच्या मागच्या साइड कव्हरमधून, अन् बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन अन् गिअरबॉक्सच्या मधल्या क्लचच्या घराच्या, तळाला जो स्प्लिट पिन लोंबत असतो तिथून तर गाडी उभी केली की टपटप चालूच. पोर्चमध्ये रोज सकाळी ताटाएवढा डाग. काकू गाडीत बसायलाच तयार नव्हत्या, "बसलं का डोकं दुखते, नुसता जळक्या ऑइलचा वास", अन् ते खरंच होतं, कारण टॅपेट कव्हरवरून ओघळलेलं ऑइल खालच्या गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडून जळत होतं.

आधीच्या गॅरेजमध्ये पूर्ण पॅकिंग सेट बदलून झाला होता, काही महिन्यांनी परत बदलला, अन् दुसऱ्या वेळी तर प्रत्येक जोडावर सिलिकॉन थापलेलं. थोडे दिवस बरं वाटायचं आणि मग एक जागा कोरडी झाली की दुसरीकडून सुरू. शेवटी निकाल मिळाला, "इंजिन बॅक मारून राहिलं काका, बोअर करून रिंग-पिस्टन टाका, त्याशिवाय काही होत नाही." म्हणजे सिलिंडर आतून घासून मोठे करायचे अन् त्या मापाचे नवे रिंग-पिस्टन घालायचे. खर्चाचा आकडा ऐकून काका गाडी काढून टाकायच्या विचारात आले होते. आज अशी गाडी काढली की ती बहुतेक भंगारातच जाते, पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातलं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, नवीन काही येणार नाही, म्हणून हे प्रकरण मी नीट, क्रमानं लिहितोय. जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या बऱ्याच जणांचं इंजिन याच कारणासाठी फुकट खोललं जातं.

पाच जागा एकदम कशा गळतात

पॅकिंग खराब होतं तेव्हा ते एकेक करून होतं. टॅपेट कव्हरचं कॉर्क कडक होऊन तडकतं, टायमिंग कव्हरचं सील झिजतं, पण त्यांची वेळ एकच येत नाही. नवीन पॅकिंग टाकूनही पाच ठिकाणांहून एकदम गळत असेल तर आतून काहीतरी ऑइलला बाहेर ढकलतंय असंच समजायचं, आणि ढकलणारी गोष्ट म्हणजे क्रँककेसमधलं, म्हणजे इंजिनच्या खालच्या ज्या भागात क्रँकशाफ्ट फिरतो अन् ऑइल साठतं त्यातलं, प्रेशर. त्याच भागाला आम्ही चेंबर म्हणतो.

हे प्रेशर येतं कुठून ते आधी पाहू. कुठलंही इंजिन घ्या, अगदी शोरूममधून आलेलं, पिस्टनच्या रिंगा शंभर टक्के सील करतच नाहीत. कॉम्प्रेशन आणि पॉवर स्ट्रोकमध्ये थोडा गॅस रिंगांच्या बाजूनं खाली चेंबरमध्ये उतरतोच, यालाच आपल्याकडे बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. त्यात न जळालेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण असतं, जळालेला गॅस असतो अन् पाण्याची वाफ असते. हा गॅस सतत येत राहणार, म्हणून त्याला बाहेर पडायला रस्ता द्यावाच लागतो, तोच ब्रीदर. रस्ता बंद केला की प्रेशर वाढत वाढत सगळ्यात कमजोर जोड शोधतं अन् तिथून निघताना ऑइल सोबत घेऊन जातं. कॉर्कचं पॅकिंग उडणारं ऑइल अडवायला असतं, प्रेशर धरायला ते कधी केलेलंच नाही. एक जोड सिलिकॉननं बंद केला तर प्रेशर पुढच्या जोडावर जातं, काकांच्या गाडीत गळती जागा बदलत होती ती यामुळेच.

आता अ‍ॅम्बेसेडरचं हे इंजिन म्हणजे इंग्लंडच्या बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज. त्याच कुळातलं मोठं भावंड, १७९८ सीसीचं, एमजीबी ह्या स्पोर्ट्स कारमध्ये होतं, त्यामुळे या इंजिनच्या खोडी जगभर माहीत आहेत. हवा बाहेर काढायचे जुन्या बी-सिरीजला दोन रस्ते. एक, टॅपेट कव्हरवरून एअर क्लीनरला जाणारा रबरी पाइप, ज्यातून थोडा गॅस कार्बोरेटरमार्फत परत इंजिनात जाऊन जळतो. दुसरा, कार्बोरेटरच्या बाजूला ब्लॉकवर जी दोन साइड कव्हरं असतात त्यातल्या पुढच्या कव्हरवर एक डबा, आत तारेची जाळी, अन् डब्यातून एक नळी खाली इंजिनच्या तळापर्यंत जाऊन उघडी सोडलेली. ही ड्राफ्ट ट्यूब. गाडी पळते तेव्हा नळीच्या तोंडावरून जाणारी हवा आतला गॅस ओढून घेते. पण हे ओढणं साधारण ४० च्या स्पीडनंतरच नीट होतं, त्याच्या खाली गॅस आपल्याच जोरावर बाहेर येतो, म्हणून नळी मोकळी असणं फार महत्त्वाचं. व्हरायटी चौकात सिग्नलला उभ्या गाडीत तर ओढणारं काहीच नसतं.

आणि मागचं क्रँक सील. इथं तर लोक सगळ्यात जास्त फसतात. तीन मेन बेअरिंगच्या ह्या इंजिनला मागं रबरी सीलच नाही. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला उलट्या दिशेचे आटे कापलेले असतात, ज्याला स्क्रोल म्हणतात, शाफ्ट फिरला की हे आटे बाहेर येऊ पाहणारं ऑइल परत आत चेंबरकडे ढकलत राहतात. आटे आणि भोवतीचं घर यात काही थाउचंच (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) अंतर, एकमेकांना टेकत नाहीत, म्हणून झिजतही नाहीत. फार सुंदर कल्पना आहे, पण तिची अट अशी की आतलं प्रेशर बाहेरच्यापेक्षा जास्त नको, कारण मधे फट उघडीच आहे. आत प्रेशर झालं की गॅस त्या फटीतून सरळ जातो अन् आट्यांमधलं ऑइल सोबत बेल हाउसिंगमध्ये नेतो. म्हणून दुकानात मिळणारं ऑइल स्टॉप लीक टाकून इथं काही होत नाही, ते रबर फुगवून काम करतं अन् इथं फुगवायला रबरच नाही.

काकांशी बोलणं

इंजिनला हात लावायच्या आधी मी अर्धा तास नुसतं विचारत बसलो. गळती नेमकी कधीपासून? काका म्हणाले, "थोडी तर पहिल्यापासूनच होती, अ‍ॅम्बेसेडर आहे बाबा ते. पण भल्ली वाढली ते पोर्चात फरशी टाकल्यापासून."

फरशीचा अन् इंजिनचा काय संबंध? तर झालं असं होतं की नवीन पांढऱ्या फरशीवर गाडीखालच्या एका नळीतून ऑइलचे थेंब पडायचे, काकांनी गॅरेजमध्ये सांगितलं की हे बंद करून द्या, अन् तिथल्या माणसानं नळीच्या तोंडात रबरी बूच ठोकून वरून क्लॅम्प लावून दिला. थेंब खरंच बंद झाले. ती ड्राफ्ट ट्यूब होती.

दुसरा धागा बॉनेट उघडल्यावर दिसला. मूळचा एअर क्लीनर गेलेला, त्याच्या जागी दुसऱ्या गाडीचा कागदी फिल्टरवाला बसवलेला, त्याला ब्रीदरचा पाइप जोडायला तोटीच नाही. मग टॅपेट कव्हरवरच्या तोटीला काय केलं, तर रबराचा तुकडा चढवून त्यात बोल्ट घुसवला. म्हणजे दोन्ही रस्ते बंद. इंजिन कितीही चांगलं असो, या अवस्थेत ते गळणारच.

इथं बरेच जण बूच उपटून गाडी काकांच्या हातात देतील. मला तसं करायचं नव्हतं. एकतर नुसत्या बुचामुळेच सगळं होतंय का हे समजायला पाहिजे, अन् दुसरं म्हणजे रिंगा खरंच गेल्यात का या प्रश्नाचं उत्तर काकांना आकड्यात द्यायचं होतं, कारण आता त्यांचा कोणावरच भरवसा राहिला नव्हता.

मोजमाप

क्रँककेसचं प्रेशर मोजायला महागडं गेज लागत नाही. मेडिकल स्टोअरमधून सलाइनची नळी आणली, लाकडी पट्टीवर यू आकारात बांधली, आत शाई घातलेलं पाणी, मागं मिलिमीटरची पट्टी. एक टोक उघडं, दुसरं टोक ऑइल टाकायच्या झाकणाच्या जागी घट्ट बसवलेल्या रबरी बुचातून आत. डीपस्टिकचं भोकही तात्पुरतं बंद केलं. इंजिन पूर्ण गरम करूनच मोजायचं, थंड इंजिनवरचा आकडा काही कामाचा नाही. आणि अ‍ॅम्बेसेडरचा पंखा पत्र्याचा आहे, बाही, ओढणी, लोंबती नळी, काही जवळ जायला नको.

दोन्ही रस्ते बंद असताना स्लोवर, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू ठेवून, पाण्याच्या दोन पातळ्यांत ८० ते ९० मिलिमीटरचा फरक आला, तोही इतक्या जोडांतून गॅस निसटत असताना. जरा रेस दिली तर पाणी नळीच्या वरून बाहेर. १०० मिमी पाणी म्हणजे साधारण ०.१४ पीएसआय, टायरच्या हिशोबानं काहीच नाही, पण उघड्या फटीच्या स्क्रोलला आणि कॉर्कच्या पट्टीला पुष्कळ झालं.

मग ड्राफ्ट ट्यूबचं बूच काढलं. फरक ४० पर्यंत खाली आला, अन् तिथंच थांबला. हा आकडा सगळ्यात बोलका होता. नळी मोकळी असती तर स्लोवर जवळजवळ शून्य दिसायला हवं, ४० दिसतंय म्हणजे नळीच्या आत पुढं अजून काहीतरी अडलंय. टॅपेट कव्हरच्या तोटीतला बोल्ट काढल्यावर १० च्या आसपास. म्हणजे वरचा रस्ता मोकळा, खालचा अर्धवट बुजलेला. नुसतं बूच काढून गाडी दिली असती तर पहिले काही दिवस बरं वाटलं असतं अन् हायवेला ताण पडल्यावर परत तेच.

आता रिंगांचं. बॅटरी फुल चार्ज, चारही प्लग काढलेले, इग्निशनची वायर काढलेली, थ्रॉटल पूर्ण उघडा, इंजिन गरम. हे पाचही नीट केलं नाही तर कॉम्प्रेशन टेस्टचा आकडा खोटा येतो, विशेषतः थ्रॉटल बंद ठेवून घेतलेले आकडे पाहून किती इंजिनं बोअरला गेली असतील कोणास ठाऊक. आकडे आले ११८, ११२, १२०, ११४ पीएसआय. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत, तर प्रत्येकी ८ ते १० नं वाढले. ऑइल रिंगांभोवती तात्पुरतं सील करतं, त्यामुळे रिंगा गेल्या असतील तर ओल्या टेस्टमध्ये आकडा ३०-४० नं उडी मारतो. इथं तशी उडी नाही, चौघांत दहा टक्क्यांच्या आतला फरक. वय झालेलं पण तब्येत ठीक असलेलं इंजिन. बोअर करायची गरज नाही हे मी काकांना तिथंच, कागदावर आकडे लिहून दिलं. ते बराच वेळ तो कागद पाहत राहिले, मग काकूंना आवाज देऊन बोलावलं अन् त्यांना दाखवला.

जाळी

साइड कव्हर काढायचं म्हणजे कार्बोरेटर अन् मॅनिफोल्ड दोन्ही उतरवावे लागतात, म्हणूनच कोणी तिथपर्यंत जात नाही. माझ्यासोबतच्या पोट्ट्यानं पुढचं कव्हर काढून डब्यात टॉर्च मारला तर जाळी दिसेचना, काळ्या-करड्या गाळाचा घट्ट गोळा झालेला. रॉकेलमध्ये रात्रभर भिजवून, ब्रश मारून, कॉम्प्रेसरची हवा मारून तारा दिसायला लागल्या. नळीतही तळाकडच्या वाकणात तोच गाळ.

हा गाळ झाला कसा ते समजून घेण्यासारखं आहे. काकांची गाडी आठवड्यातून दोनदा निघते, बाजारापर्यंत किंवा सीताबर्डीला टेकडी गणपतीपर्यंत. एवढ्या अंतरात पाणी गरम होतं पण चेंबरमधलं ऑइल पुरतं तापत नाही, गॅससोबत आलेली वाफ आतच थंड होऊन पाणी होते अन् ऑइलमध्ये मिसळून चिकट लगदा तयार होतो. ऑइल टाकायच्या झाकणाच्या आतून जो फिकट थर दिसतो तो हाच. आता त्यात ब्रीदर बंद केला की वाफेला जायला जागाच नाही, गाळ दुप्पट वेगानं होणार. शिवाय मुळात नळीतून फरशीवर थेंब का पडत होते? जाळीचं काम गॅसमधलं ऑइल पकडून परत चेंबरमध्ये सोडणं, जाळी गाळानं भरली तर ऑइलला परत जायला रस्ता नाही, ते गॅससोबत नळीतून खाली येतं. त्यात डीपस्टिकवर पाहिलं तर ऑइल वरच्या खुणेच्याही बरंच वर. गळतंय म्हणून काका दर आठवड्याला अंदाजानं ओतत होते. म्हणजे थेंब हा बुजलेल्या जाळीचा इशारा होता अन् त्या इशाऱ्यालाच बूच लागलं.

दोन्ही साइड कव्हरं आपापल्या मधल्या एकेका बोल्टवर बसतात. गळती थांबवायला तो बोल्ट कचकचून आवळला की पत्रा मधे दबतो अन् कडा वर उचलतात, म्हणजे जितकं आवळाल तितकं जास्त गळेल. ह्या गाडीत मागचं कव्हर तर उघड दिसेल इतकं वाकलं होतं. सपाट लोखंडावर ठेवून हलक्या हातोडीनं कडा सरळ केल्या, इतवारीतून कॉर्क शीट आणून पॅकिंग कापलं, बोल्टखालचं वॉशर नवीन टाकलं. बोल्ट हातानं बसवायचा अन् मग आखूड पान्यानं कॉर्क जरासं दबेपर्यंत, बस. टॉर्क रेंच लावायचाच असेल तर २ ते ५ पाउंड-फूटच्या पुढं जायचं काम नाही. सिलिकॉन मी कुठंच लावलं नाही. कॉर्कवर जास्तीचं सिलिकॉन लावलं तर कॉर्क घसरून बाहेर येतं, शिवाय आतल्या बाजूला निघालेला तुकडा सुटून चेंबरमध्ये पडला तर ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो, आणि ते गळतीपेक्षा कितीतरी वाईट.

एअर क्लीनरसाठी मूळचा डबा शोधत बसलो नाही, आहे त्याच डब्याला फिल्टरच्या आतल्या, स्वच्छ हवेच्या बाजूला तोटी वेल्ड करून घेतली अन् ऑइल सहन करणारा पाइप टॅपेट कव्हरवरून जोडला. फिल्टरच्या बाहेरच्या बाजूला जोडला तर कागद ऑइलनं भिजून गच्च होतो, हे लक्षात ठेवा. परत नळी लावून मोजलं, स्लोवर ३ मिमी, रेस दिल्यावर ८ च्या आत. ऑइल अन् फिल्टर बदलला, २०डब्ल्यू-५०, नागपूरच्या ४५ डिग्रीच्या उन्हाळ्यात या इंजिनाला यापेक्षा पातळ मी टाकत नाही. पण जाड ऑइलनं गळती थांबेल या आशेनं त्याहून जाड टाकायलाही माझा विरोध आहे, सकाळी थंड इंजिनात वर टॅपेटपर्यंत ऑइल पोचायला उशीर होतो.

आता काहीच खोलायचं नाही

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हा होता. टायमिंग कव्हरचं सील बदलायचा मोह होत होता, रेडिएटर काढायला कितीसा वेळ लागतो. पण प्रेशर गेल्यावर कुठली गळती आपोआप थांबते अन् कुठली राहते हे पाहिल्याशिवाय पुढं हात घालायचा नाही असं ठरवलं. टॅपेट कव्हरला तर जाणूनबुजून हात लावला नाही, जुनंच पॅकिंग, जुनंच सिलिकॉन.

इंजिन डिझेलनं धुवून कोरडं केलं अन् ब्लॉकवर सगळीकडे अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरली. ऑइल नेहमी खाली अन् पंख्याच्या हवेमुळे मागं जातं, त्यामुळे थेंब जिथं दिसतो तिथं ते निघालेलं नसतं, पावडरवर ओला माग दिसला की त्याच्या सगळ्यात वरच्या अन् सगळ्यात पुढच्या टोकाला मूळ जागा असते. पोर्चमध्ये फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरला, त्यावर चाकांच्या जागा आखल्या म्हणजे रोज गाडी एकाच ठिकाणी उभी राहील अन् डागांची तुलना करता येईल. मग वर्धा रोडनं बुटीबोरीपर्यंत जाऊन येणं, गावातली ट्रॅफिक, सेमिनरी हिल्सचा चढ, सगळं करून पाहिलं.

टॅपेट कव्हर कोरडं. डीपस्टिक कोरडी. जुनं पॅकिंग तेच असूनही. काकूंचा वास गेला. साइड कव्हरं सरळ करून बसवल्यामुळे कोरडीच होती, अन् त्यातून मागची एक गोष्ट उलगडली, बेल हाउसिंगचं टपकणं निम्म्याहून कमी झालं. म्हणजे मागं दिसणारं बरंचसं ऑइल स्क्रोलचं नव्हतंच, मागच्या साइड कव्हरमधून निघून ब्लॉकच्या पाठीवरून उतरत होतं. असं ऑइल पाहून मागचं सील गेलं म्हणून इंजिन उतरवणारे कमी नाहीत. आता पुठ्ठ्यावर मागं सकाळी दोन-तीन थेंब, ते खरे स्क्रोलचे, अन् या बनावटीच्या इंजिनाला ते मी चालवून घेतो.

टायमिंग कव्हर मात्र गळतच राहिलं, कमी पण नक्की. मग ते खोललं. सील कडक झालेलं होतंच, पण आधी कोणीतरी कव्हर एका बाजूला सरकून बसवलेलं, सीलची एक कड पुलीवर घासून गेलेली अन् दुसरी टेकतही नव्हती. नवीन सील घालून, कव्हरचे बोल्ट सैल ठेवून आधी पुली आत बसवायची म्हणजे कव्हर आपोआप मधोमध येतं, मग बोल्ट आवळायचे. आतला ऑइल थ्रोअर उलटा बसवू नका, त्यावर एफ कोरलेला असेल तर ती बाजू पुढं, इंजिनपासून लांब. बाकी काही विशेष नाही.

पीसीव्ही लावायचा का

काकांनी वाचून ठेवलं होतं, म्हणून हा प्रश्न त्यांनीच काढला. ड्राफ्ट ट्यूब काढून पीसीव्ही, म्हणजे मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमनं क्रँककेसमधला गॅस ओढून परत जाळायची बंद पद्धत. हिचं मूळ प्रदूषणात आहे, कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलपासून नवीन गाड्यांना ती आली, कारण ड्राफ्ट ट्यूबमधून न जळालेलं पेट्रोल सरळ हवेत जातं. बी-सिरीजला एमजीबीमध्ये १९६४ मध्ये ती मिळाली, साइड कव्हरच्या डब्यातून पाइप वर मॅनिफोल्डवरच्या व्हॉल्व्हला अन् ताजी हवा ऑइल टाकायच्या झाकणातल्या बारीक भोकातून.

फायदा मोठा आहे. ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीतही गॅस ओढला जातो, गाळ कमी होतो, आत किंचित व्हॅक्यूम राहिल्यामुळे स्क्रोलही कमी सोडतो. तत्त्वतः मी पीसीव्हीच्या बाजूचा आहे. पण ते अर्धवट करायचं काम नाही. हवा आत येणारं भोक मोठं झालं तर मिश्रण पातळ होऊन स्लो डगमगतो, फार बारीक झालं तर आत जास्त व्हॅक्यूम होऊन टायमिंग सीलमधून धूळ आत ओढली जाते. व्हॉल्व्ह एका दिशेनंच चालतो, उलटा लावला तर पुन्हा बूचच. आतला पडदा फाटला तर इंजिन ऑइल पितं अन् मागून निळा धूर. आणि कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचा व्हॉल्व्ह आणून लावला तर त्याचा प्रवाह ह्या इंजिनाच्या मापाचा असेलच असं नाही, लावल्यावर कार्बोरेटर नव्यानं सेट करून परत पाण्याच्या नळीनं मोजूनच खात्री करावी लागते.

काकांना गाडी मूळ रूपात ठेवायची आहे अन् आपला आकडा आता ३ मिमीवर आलाय, म्हणून आम्ही ड्राफ्ट ट्यूबच ठेवली. नळीचं तोंड मागच्या बाजूला तिरपं कापलेलं असायला हवं, ते कोणीतरी सरळ कापून टाकलं होतं, परत तिरपं केलं. रोज गावातच चालणारी गाडी असती तर मी पीसीव्हीचा आग्रह धरला असता.

फरशीसाठी नळीखाली स्टीलचा छोटा ट्रे ठेवलाय, अजून तरी तो जवळजवळ कोरडाच असतो. काकांना एकच सवय लावायला सांगितलं, आठवड्यातून एकदा तरी गाडी कामठी रोडला किंवा काटोल रोडला तासभर नीट पळवून आणायची, ऑइल पूर्ण तापलं की आतली वाफ निघून जाते. आणि ऑइल पाहायचं ते गाडी सपाट जागी थोडा वेळ उभी राहिल्यावर, वरच्या खुणेच्या पुढं एक थेंब ओतायचा नाही. दर सर्व्हिसला नळीत हवा मारून पाहायची. जाळी वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर.

एक काम बाकी आहे. इतके दिवस ऑइल क्लचवर जात राहिलं, त्यामुळे पहिल्या गिअरला गाडी उचलताना थरथरते, ते ब्रीदर साफ करून जाणार नाही, प्लेट बदलावीच लागेल. गिअरबॉक्स दिवाळीनंतर उतरवायचा ठरलंय. त्या वेळी मागच्या मेन बेअरिंगचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, अन् स्क्रोलभोवतीची फट फीलर गेजनं मोजून घेणार, कारण बेअरिंग झिजलं की क्रँक खाली बसतो अन् फट वर मोठी होते, मग ब्रीदर कितीही मोकळा असला तरी तिथून ऑइल येतंच. तोपर्यंत बेल हाउसिंगच्या भोकातला स्प्लिट पिन सैल हलता ठेवलाय, तो हलत राहिला तरच भोक बुजत नाही अन् आत आलेलं ऑइल क्लचकडे न जाता खाली पडतं. आधीच्या दुरुस्तीत त्यावरही सिलिकॉन मारलेलं होतं, ते खरवडून काढलं.